बाळाला जेवायला खुर्ची घेताय? आधी पट्टा बघा, मग किंमत

सिल्लोड : बाळाचं उष्टावण झालं की घरात दोन प्रश्न निघतात. काय भरवायचं आणि कुठं बसवून भरवायचं? पूर्वी आजीची मांडी किंवा पसरलेले पाय यावर भागायचं. आता मोबाइलवर उंच पायांची, पुढे ट्रे आणि खाली गादी असलेली खुर्ची दिसते आणि आपल्याही बाळाला ती असावी असं वाटतं. दुकानात तिला कुणी हायचेअर म्हणतं, कुणी फीडिंग चेअर, तर कुणी नुसतंच बेबी चेअर. किंमत तीनशे रुपयांपासून थेट दहा-पंधरा हजारांपर्यंत जाते. कमी पैशांत चांगली आणि धोका नसलेली खुर्ची कशी निवडायची, याची माहिती सिल्लोड शहर आणि तालुक्यातल्या पालकांसाठी इथे एकत्र दिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. ज्या घरात सगळे खाली बसून जेवतात, त्या घरात उंच खुर्चीची गरज नाही. तिथे बसकी, पट्टा असलेली खुर्ची स्वस्त पडते आणि पडण्याचा धोकाही कमी राहतो.

खुर्ची लागतेच का?

नाही. खुर्चीवाचून कुठल्याच बाळाचं पोषण अडत नाही. बाळाला सरळ बसवणं, त्याच्यासमोर बसून सावकाश भरवणं आणि भरवताना कुणीतरी जवळ असणं या तीन गोष्टी महत्त्वाच्या. त्या मांडीवरही होतात. खुर्चीचा फायदा एवढाच की भरवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात, बाळ एका जागी बसतं आणि स्वतःच्या हाताने घास उचलायला शिकतं. घरातल्यांच्या पंगतीत बसून सगळे काय खातात हे बघण्याची सवयही त्याला लागते.

पैशांची ओढाताण असेल तर आधी ताटाचा विचार करावा. अंड्याचा भाव सात रुपये धरला, तर पाचशे रुपयांत सत्तर अंडी येतात. रोज एक म्हटलं तरी दोन महिन्यांहून जास्त दिवस पुरतात. बाळाचं वजन नीट वाढत नसेल तर खुर्चीपेक्षा या खर्चाला पहिला मान. वजन वाढतंय की नाही हे अंगणवाडीत कळतं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडीत मुलांचं वजन घेऊन वाढीच्या तक्त्यावर नोंद करतात. कुपोषणाविरुद्धच्या कामात आपल्या जिल्ह्याचं नाव जुनं आहे. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झालं ते तेव्हाच्या औरंगाबादेतूनच. बाळाचे पहिले हजार दिवस, म्हणजे गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ, सांभाळायचा असतो, हे या मिशनने पुढे गावोगावी पोहोचवलं. खुर्चीचा उपयोग होतो तो याच हजार दिवसांतल्या शेवटच्या दीड वर्षात.

कोणत्या वयापासून बसवायचं?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं आणि त्यानंतर वरचं खाणं सुरू करायचं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शक सूचनांतही सहा महिन्यांनंतर लगेच घरचं मऊसर अन्न सुरू करायला सांगितलं आहे. म्हणजे सहा महिन्यांच्या आत या खुर्चीचं काही कामच नाही.

वय भरलं तरी लगेच खुर्चीत बसवायचं असंही नाही. आधी तीन खुणा बघाव्यात :

- बाळाची मान पक्की धरलेली आहे, डोकं डुगडुगत नाही.
- खाली गोधडीवर बसवलं तर थोड्या आधाराने किंवा आधाराविना सरळ बसतं, एका बाजूला कलंडत नाही.
- समोरची वस्तू हाताने धरून तोंडाकडे नेतं.

मान धरत नसलेल्या बाळाला उशा लावून, कोंबून बसवू नये. घास घशात अडकण्याची भीती असते. आठ-नऊ महिने झाले तरी बाळ बसत नसेल तर खुर्ची शोधण्याआधी आशाताईंना सांगून डॉक्टरांना दाखवावं.

उंच की बसकी?

उंच खुर्ची मूळची डायनिंग टेबलाच्या घरातली. मोठी माणसं टेबलाशी बसतात, म्हणून बाळालाही त्या उंचीवर आणायचं, एवढाच तिचा हेतू. सिल्लोड तालुक्यात बहुतेक घरी जेवण खालीच होतं. तिथे बाळाला दोन-अडीच फूट उंच बसवलं की भरवणारी आई खाली आणि बाळ वर अशी उलटी तऱ्हा होते. मग आईला उभं राहून किंवा स्टुलावर बसून भरवावं लागतं.

खरी काळजी पडण्याची. अमेरिकेत २००३ ते २०१० या काळातल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तीन वर्षांपर्यंतची सरासरी ९,४०० हून जास्त मुलं दरवर्षी हायचेअर आणि बूस्टर सीटमुळे झालेल्या इजेसाठी तातडीच्या विभागात आणली जात होती. त्यातली बहुतेक पडून लागलेली होती. पडताना मूल काय करत होतं याची जिथे नोंद होती, तिथे साधारण तीनपैकी दोन मुलं खुर्चीत उभी राहत होती किंवा चढत होती. याचा अर्थ, पट्टा लावलेला नव्हता किंवा बाळाने तो सोडवला होता.

बसक्या खुर्चीत बाळ जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं. कलंडलं तरी इजा कमी. मात्र ही बसकी खुर्ची ओट्यावर, पलंगावर, बाजेवर किंवा टेबलावर ठेवली की ती उंच खुर्चीहूनही वाईट. बम्बो नावाचं फोमचं बसकं आसन जगभर खूप विकलं गेलं. लोक ते टेबलावर ठेवायचे आणि बाळं अंग मागे ताणून बाहेर पडायची. शेवटी ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेत विकलेल्या सुमारे ४० लाख आसनांना नंतर पट्टा बसवून द्यावा लागला. बसक्या खुर्चीची जागा जमिनीवरच.

बाजारात काय काय मिळतं?

सिल्लोडच्या बाजारात प्लास्टिकच्या आणि खेळण्यांच्या दुकानांत साध्या खुर्च्या मिळतात. मोठ्या, गादीच्या खुर्च्यांसाठी साधारण ६५ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं किंवा ऑनलाइन मागवावं लागतं. खालच्या किमती ढोबळ आहेत, दुकानानुसार कमी-जास्त होतील.

*पी-पी वाजणारी प्लास्टिकची खुर्ची (साधारण ३०० ते ६०० रुपये) :* बसलं की आवाज येतो म्हणून पोरांना आवडते. काहींना पुढे छोटा ट्रे असतो. हलकी आणि धुवायला सोपी असते. पण अनेकींना पट्टाच नसतो आणि पाय आखूड, जवळजवळ असतात. बाळ मागे रेललं की खुर्चीसकट उलटतं. वर्षाच्या पुढच्या, चालत्या मुलाला ठीक. सात-आठ महिन्यांच्या बाळासाठी घ्यायची तर रुंद बुडाची आणि पट्ट्याची शोधावी.

*बूस्टर सीट (साधारण ७०० ते १,५०० रुपये) :* पाय नसलेलं किंवा आखूड पायांचं रुंद आसन. पट्टा आणि निघणारा ट्रे असतो. जमिनीवर ठेवता येतं, मोठ्या खुर्चीला बांधताही येतं. खाली बसून जेवणाऱ्या घराला बहुतेक वेळा हेच परवडतं. मोठ्या खुर्चीला बांधायचं असेल तर खुर्ची जड आणि चार पायांची हवी. प्लास्टिकच्या हलक्या खुर्चीवर बांधू नये.

*पाय काढता येणारी खुर्ची (साधारण १,५०० ते ३,५०० रुपये) :* पाय लावले की उंच, काढले की बसकी. घरात टेबल असेल किंवा पुढे येणार असेल तर ही सोयीची. दुकानात पाय लावून आणि काढून दोन्ही प्रकारे बघावी. पाय नुसते दाबून बसणारे असतील तर ते ढिले पडत नाहीत ना, हे विशेष तपासावं.

*गादीची, चाकांची, घडीची उंच खुर्ची (साधारण ४,००० च्या पुढे) :* पाठ मागे-पुढे होते, उंची बदलते. दिसायला छान, पण जागा खूप खाते. चाकांना कुलूप नसेल तर घेऊ नये. खडबडीत फरशीवर आणि सारवलेल्या जमिनीवर चाकांचा काही उपयोग होत नाही.

*मोठ्या खुर्चीला बांधायचा कापडी पट्टा (साधारण ३०० ते ७०० रुपये) :* प्रवासात किंवा पाहुण्यांकडे कामी येतो. रोजच्या वापराला नाही, कारण बाळाच्या पायांना आधार राहत नाही.

*वॉकर :* अनेक घरी वॉकरलाच ट्रे असतो म्हणून त्यातच बसवून भरवलं जातं. हे टाळावं. चाकांवरचं बाळ क्षणात उंबरठ्याशी, पायरीशी किंवा चुलीजवळ पोहोचतं. कॅनडाने तर एप्रिल २००४ पासून असे वॉकर विकायलाच बंदी घातली आहे. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो धरून बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहतं, त्यात बसत नाही.

सगळ्यात आधी पट्टा

खुर्चीचा रंग, गादी, ब्रँड हे सगळं नंतर. आधी पट्टा बघायचा. पट्टा दोन प्रकारचा असतो. तीन टोकांचा कमरेभोवती आणि दोन पायांच्या मधून येतो. पाच टोकांचा याशिवाय खांद्यांवरूनही येतो. चुळबुळ्या बाळाला पाच टोकांचा जास्त चांगला. नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही.

दोन पायांच्या मधे पट्टा किंवा खुंटी असणं फार महत्त्वाचं. ती नसेल तर बाळ हळूहळू पुढे घसरतं, पाय आणि पोट ट्रेखालून बाहेर जातं आणि मान ट्रेशी अडकते. अमेरिकेत १९ जून २०१९ पासून हायचेअरला सक्तीचे नियम लागू झाले, त्यात ही मधली आडकाठी आणि पट्टा दोन्ही लागतात. आपण दुकानात साधी पाच-सातशेची खुर्ची घेत असलो तरी कसोटी हीच लावायची.

अनेकांचा समज असतो की पुढे ट्रे लावला म्हणजे बाळ अडकलं. हा समज चुकीचा आहे. ट्रे म्हणजे पट्टा नव्हे. ट्रे जेवण ठेवायला असतो, बाळ धरून ठेवायला नाही. बसवल्याबरोबर आधी पट्टा, मग ट्रे. उठवताना आधी ट्रे काढायचा आणि बाळाला धरूनच पट्टा सोडायचा.

घरचा जुना रुमाल, ओढणी किंवा नाडा बांधून पट्ट्याचं काम भागवू नये. गाठ सरकते, गळ्याशी येते.

दुकानात दहा मिनिटांची तपासणी

दुकानदार घाई करत असला तरी खोक्यातून खुर्ची बाहेर काढून, जोडून बघायला मागावी. मग एवढं करावं :

- खुर्ची जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी हाताने ढकलावी. सहज कलंडली तर नको. खालचे पाय वरच्या आसनापेक्षा बाहेर पसरलेले हवेत.
- दहा किलोची पिठाची किंवा ज्वारीची पिशवी आसनावर ठेवून पट्टा बांधावा आणि पाठ मागे ओढून बघावी. वर्षाच्या बाळाचं वजन साधारण नऊ-दहा किलो असतं, त्यामुळे हा अंदाज बरोबर येतो.
- पट्ट्याची कडी दहा वेळा उघड-बंद करावी. मोठ्या माणसाला एका हाताने उघडता आली पाहिजे, बाळाला उघडता येता कामा नये.
- पट्टा जोरात ओढून शिवण बघावी. आसनाला पट्टा कुठून जोडला आहे तेही पाहावं. नुसता प्लास्टिकच्या पातळ खाचेत अडकवलेला असेल तर तो निसटतो.
- सगळ्या कडांवरून बोट फिरवावं. प्लास्टिकचा काटा, उघडा स्क्रू, खरखरीत कड असेल तर दुसरी खुर्ची मागावी.
- बाळाचं बोट जाऊन अडकेल अशी भोकं, फटी आणि घडीचे सांधे बघावेत. घडीच्या खुर्चीला पक्कं कुलूप हवं.
- निघू शकणारे छोटे भाग, टोप्या, स्टिकर ओढून बघावेत. निघाले तर ते बाळाच्या तोंडात जाणार.
- गाणं वाजणारी खुर्ची असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते पाहावं. नाण्यासारखी छोटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका भाजते, जीवावर बेततं.

खुर्चीसोबत खेळणं येत असेल तर त्यावर आयएसआय चिन्ह शोधावं. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. परदेशी मानकांपैकी युरोपचं ईएन १४९८८ आणि अमेरिकेचं एएसटीएम एफ ४०४ ही हायचेअरची मानकं. खोक्यावर ती छापलेली असतील तर चांगलंच, पण छापील अक्षरांवर विसंबून वरची तपासणी टाळू नये.

पाय टेकले पाहिजेत

खुर्ची घेताना याकडे सहसा कुणी बघत नाही. बाळाचे पाय लोंबकळत राहिले की ते अंग सावरण्यातच गुंतून जातं, चुळबुळ करतं आणि लवकर कंटाळतं. मोठ्या माणसाने उंच स्टुलावर पाय न टेकवता जेवून बघावं, म्हणजे लक्षात येईल. नितंब, गुडघे आणि घोटे काटकोनात, पाय सपाट टेकलेले, अशी बैठक चांगली.

नॉर्वेतल्या पीटर ऑप्सविक यांनी १९७२ मध्ये ट्रिप ट्रॅप नावाची लाकडी खुर्ची तयार केली. तिच्यात बसायची फळी आणि पाय टेकवायची फळी मुलाच्या उंचीप्रमाणे वर-खाली सरकवता येते. ती खुर्ची महाग आहे, पण तिच्यातली गोष्ट फुकट घेता येते. बसक्या खुर्चीत बाळाचे पाय जमिनीला लागत नसतील तर खाली पाट ठेवावा. पाठीमागे पोकळी राहत असेल तर टॉवेलची गुंडाळी लावावी. उंच खुर्चीला पाय टेकवायची फळी नसेल तर तशी खुर्ची शक्यतो घेऊ नये.

गावातल्या सुताराकडून करून घ्यायची असेल तर

घरी लाकूड असेल आणि ओळखीचा सुतार असेल तर बसकी खुर्ची करून घेणं स्वस्त पडू शकतं. मापं बाळाचीच घ्यावीत :

- बसायची उंची : बाळाच्या गुडघ्यामागून टाचेपर्यंत दोऱ्याने मोजावं, तेवढीच.
- बसायची खोली : पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजून त्यातून दोन बोटं कमी करावीत.
- बूड : आसनापेक्षा चारही बाजूंनी बाहेर पसरलेलं.
- पाठ : बाळाच्या खांद्यांपर्यंत उंच, दोन्ही बाजूंना हात ठेवायच्या फळ्या.
- पुढे : दोन पायांच्या मधे खालच्या फळीत पक्की बसवलेली गुळगुळीत खुंटी. पट्टा शिवून घेतलेला, कडीचा, फळीतून आरपार नेऊन बसवलेला.

खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत आणि त्यांची डोकी लाकडात बुडवावीत. कडा घासून गोल कराव्यात. रंग द्यायचाच असेल तर डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा कमी असल्याचं लिहिलेलं बघावं. घरगुती रंगांना १ नोव्हेंबर २०१७ पासून ही मर्यादा बंधनकारक आहे. बाळ कडा चावतं, त्यामुळे घरात उरलेला जुना, बिननावाचा रंग वापरू नये. रंग न देता नुसतं घासून, तेलाचा हात फिरवला तरी चालतं.

जुनी खुर्ची घेताना

ही वस्तू फार तर दोन-अडीच वर्षं वापरात राहते. त्यामुळे नात्यातली, शेजारची जुनी खुर्ची घेणं शहाणपणाचं. पैसे वाचतात. पण पट्टा तुटलेला, कडी बदललेली, प्लास्टिकला चीर गेलेली किंवा रंगाचे पोपडे निघालेली खुर्ची फुकट मिळाली तरी घेऊ नये. वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. हाताने जोरात दाबलं आणि पांढरी रेघ उमटली तर ती खुर्ची बाद समजावी.

ऑनलाइन मागवताना आणि बिल घेताना

आधी ४३१११२ हा सिल्लोडचा किंवा आपल्या गावचा पिनकोड टाकून घरपोच येते का आणि परत न्यायला कुणी येतं का, हे बघावं. मोठं खोकं परत पाठवणं खेड्यातून अवघड जातं. फोटोत पट्टा दिसतो का, आसनाची उंची आणि कमाल वजन दिलं आहे का, हेही वाचावं. एक-दोन तारे देणाऱ्या ग्राहकांनी काय लिहिलं आहे ते आधी वाचावं. खुर्ची कलंडल्याच्या, पट्टा निघाल्याच्या तक्रारी तिथेच सापडतात. खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावं.

दुकानातून घेतली तरी पक्कं बिल मागावं. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हा मजकूर असायला हवा. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला शुल्क लागत नाही.

घरात कुठं ठेवायची, कोण भरवणार?

खुर्ची चूल, गॅसची शेगडी, गरम पाण्याचं पातेलं, मिक्सर आणि कूलरची वायर यांपासून लांब ठेवावी. बाळाचा हात आपल्याला वाटतो त्यापेक्षा लांब पोहोचतो. टेबलाच्या किंवा भिंतीच्या अगदी जवळ ठेवली तर बाळ पायाने भिंत रेटून खुर्ची मागे ढकलतं. सारवलेल्या किंवा उंच-सखल जमिनीवर पातळ पायांची खुर्ची डगमगते. तिथे सपाट बुडाची चांगली. उन्हाळ्यात अंगणात ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची तापते. हात लावून बघितल्याशिवाय बाळाला बसवू नये.

कापूस वेचणीच्या, मका सोंगणीच्या दिवसांत आई शेतात असते आणि बाळ आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे. खुर्ची निवडताना हे धरूनच चालावं. आजीच्या बोटांना कडी उघडता येते का, हे आजीलाच दुकानात नेऊन बघितलेलं बरं. आठ-दहा वर्षांची बहीण भरवणार असेल तर उंच खुर्ची घरात नकोच. पट्टा लावलेला असला तरी बाळाला खुर्चीत एकटं सोडून जाऊ नये. खुर्ची जेवणापुरती, पंधरा-वीस मिनिटांची. बाळ गप्प राहावं म्हणून तासन्‌तास बसवून ठेवायची ही जागा नाही. खुर्चीत झोप लागली तर उचलून खाली झोपवावं, कारण मान पुढे पडून श्वासाला अडथळा येऊ शकतो.

घास अडकला तर

सरळ बसवलं तरी काही पदार्थ धोक्याचेच. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोरं, कच्च्या गाजराचे तुकडे लहान मुलाला देऊ नयेत. शेंगदाण्याचा बारीक कूट मऊ भातात किंवा खिचडीत मिसळून चालतो. वर्षाच्या आत मध देऊ नये. बाळ हसत किंवा रडत असताना घास तोंडात घालू नये.

घास अडकला आणि बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. खोकला, रडणं थांबलं, चेहरा निळा पडू लागला तर लगेच पट्टा सोडवून बाळाला बाहेर घ्यावं. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरावं आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने पाच वेळा थोपटावं. हे थोपटणं जोरकस हवं. अडकलेलं निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब द्यावा. हे आलटून-पालटून करत राहावं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. घास दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नये, तो आणखी आत जातो. वर्षावरच्या मुलासाठी पोटावर दाब देण्याची पद्धत वेगळी आहे. ती आरोग्य केंद्रात विचारून, बघून शिकून घ्यावी.

स्वच्छता

जेवण झालं की ट्रे साबणाने धुवावा. पट्ट्याच्या फटीत आणि गादीखाली अन्न साचतं, मुंग्या आणि माश्या येतात. म्हणून गादी काढून धुता येते का, हे घेतानाच बघावं. रेक्झिनच्या जाड गादीवर उन्हाळ्यात बाळाला घाम येतो, घामोळ्या उठतात. गादीऐवजी सुती कापडाची घडी पुरते. आठवड्यातून एकदा सगळे स्क्रू आवळून पट्टा ओढून बघावा.

थोडक्यात

- सहा महिने पूर्ण आणि मान-बैठक पक्की झाल्याशिवाय खुर्ची नको.
- खाली बसून जेवणाऱ्या घरात बसकी खुर्ची किंवा बूस्टर सीट घ्यावी. साधारण ७०० ते १,५०० रुपयांत काम होतं.
- कमरेचा आणि दोन पायांमधला पट्टा नसेल तर ती खुर्ची नाकारावी.
- बूड रुंद हवं, पाय टेकले पाहिजेत, गादी धुता आली पाहिजे.
- बसकी खुर्ची ओट्यावर, पलंगावर, बाजेवर ठेवायची नाही.
- वॉकरमध्ये बसवून भरवायचं नाही.
- एवढं जमत नसेल तर मांडी आहेच. तिथे बाळाला सरळ बसवून, घाई न करता भरवलं तरी काही कमी पडत नाही.